मेश न करता

ऑफिसात माझा निम्मा दिवस मेश करण्यात जातो. म्हणजे संगणकाला हिशेब करता यावा म्हणून पार्ट बारीक टेट्राहेड्रनमध्ये, चार बाजूंच्या तुकड्यांमध्ये चिरायचा, मग पापडासारखी चपटी झालेली एलिमेंट, म्हणजे तुकडे, शोधून नीट करायची. परवा एका ब्रॅकेटच्या फिलेटपाशी, म्हणजे आतल्या कोपऱ्याला दिलेल्या गोलाईपाशी, तीन तास गेले. आई मागून बघून म्हणाली, "अगं, मेथी निवडतेयस का?"

म्हणून रविवारी 'मेथड ऑफ फंडामेंटल सोल्युशन्स'चा कोड लिहिला. कुप्राद्झे आणि अलेक्सिद्झे यांनी १९६४ मध्ये मांडलेली ही पद्धत. वेळेनुसार न बदलणारं तापमान वस्तूच्या आत कसं पसरतं हे सांगणारं त्रिमितीतलं लाप्लास समीकरण, पृष्ठभागावरचं तापमान दिलेलं. वस्तूच्या बाहेर उष्णतेचे काल्पनिक बिंदू ठेवायचे. प्रत्येकाचा प्रभाव अंतराच्या व्यस्त प्रमाणात. बिंदू बाहेर असल्यामुळे त्यांची बेरीज आत समीकरण आपोआप पाळते. पृष्ठभागाशी जुळवून फक्त त्यांची ताकद काढायची. वस्तूच्या पोटात हात घालायचाच नाही!

आधी एक त्रिज्येचा गोल घेतला, उत्तर ठाऊक असलेला. पृष्ठभागावर ४०० बिंदू, बाहेर ४००. बाहेरचे १.२ त्रिज्येवर ठेवले तर उत्तर जेमतेम. १० त्रिज्येवर नेले तर ताकदी काढायच्या समीकरणांच्या मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर (बारीकशी चूक किती पट फुगू शकते तो आकडा) १ वर १६ शून्यांच्याही पुढे. म्हटलं, संपलं. पण तापमान दहाव्या दशांशापर्यंत बरोबर! ताकदींचे कितीतरी वेगवेगळे संच जवळपास तेच तापमान देतात, आणि मला ताकदी कुठे हव्या होत्या?

मला खरी आवडली ती तपासणी. चूकसुद्धा लाप्लासचं समीकरण पाळते, म्हणून ती सर्वांत मोठी पृष्ठभागावरच असते. जुळवलेल्या बिंदूंच्या अधल्यामधल्या जागा तपासल्या की आतली काळजी मिटली. मेश वापरताना इतकी स्वस्त खात्री मला कधी मिळालेली नाही.

मग फिलेट काढून टाकलेला एल आकाराचा ब्रॅकेट घेतला. आतल्या धारदार कोपऱ्यात तापमानाचा उतार अनंताकडे जातो. चूक दुसऱ्या दशांशावर अडून बसली. बाहेरचे बिंदू लांब नेले, काही फरक नाही. कोपऱ्याजवळ दाटीवाटीनं बसवले तेव्हा हलली, पण कुठे किती दाटी करायची हे पुन्हा हातानंच. शिवाय मॅट्रिक्स भरगच्च, एकही खाना रिकामा नाही: २०,००० बिंदू घेतले तर नुसता तो साठवायला ३.२ जीबी.

सोमवारी ब्रॅकेट मेश करूनच दिला. कोड मात्र ठेवलाय, गोलसर पार्टांसाठी.