एचआयव्ही, पोषण आहार आणि माझ्या एक्सेलमधले मेलेले-जिवंत

मास्टर्सच्या प्रोजेक्टला विषय घेतला होता की एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणाऱ्या गोळ्या) सुरू करताना पेशंट खूपच बारीक असेल तर गोळ्यांबरोबर पोषण आहार दिल्याने किती जीव वाचतील, तेही मॉडेल करून. मार्कोव्ह मॉडेल, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 16 च्या खाली, 16 ते 18.5, त्याच्या वर आणि मृत्यू असे चार कप्पे, पेशंट दर महिन्याला इकडून तिकडे. पंधरा दिवसांत संपवतो म्हणालो (हसा).

पहिली माती लगेच खाल्ली. वर्षाला मृत्यूची शक्यता समजा 30 टक्के, तर मी सरळ 12 ने भागून महिन्याला 2.5 टाकले. असं चालत नाही राव, त्या हिशोबाने वर्षाअखेर 26 टक्केच मरतात, म्हणजे शंभरातले चार जण माझ्या चुकीने जिवंत! बरोबर आकडा 2.93.

मग कळलं की मार्कोव्हला आठवण नसते, पेशंट कप्प्यात कालच आला की वर्षभर तिथंच आहे हे त्याला माहीतच नाही, आणि एआरटीत तर सगळ्यात जास्त धोका पहिल्या काही महिन्यांत. म्हणून पहिल्या तीन महिन्यांचे कप्पे वेगळे केले.

एवढं करून रिझल्ट आला तो इतका भारी की मलाच डाउट आला. गाइड मॅडमनी शीट बघून एकच विचारलं, "हा माणूस बारीक आहे म्हणून मरतोय, की आतून टीबी आहे म्हणून बारीक झालाय?" गप्पच बसलो. मी काय केलं होतं तर आहाराने वजन वाढलं की पेशंटला थेट धडधाकट माणसाचा धोका देऊन टाकला होता, पण सीडी4 (एचआयव्ही मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) अजून खालीच असेल तर नुसत्या किलोंनी काय होणार? शिवाय नुसत्या एआरटीनेही वजन वाढतं, ते आहार न मिळालेल्या गटात मी धरलंच नव्हतं, सगळं क्रेडिट आहाराच्या पाकिटाला.

मग वजनामुळे धोक्यातला किती हिस्सा खरंच कमी होतो हा आकडा 0 ते 1 फिरवून बघितला, तर अख्खं उत्तर त्या एका आकड्यावर नाचत होतं. तोच ग्राफ दाखवला.

मॅडम खूश झाल्या आणि म्हणाल्या, 92 ग्रॅमचं 500 कॅलरीचं पाकीट घरातल्या पोरांनी वाटून खाल्लं तर? आता तो कॉलम घालतोय.