आईची पाठ आणि नऊ प्रश्न

शुक्रवार, रात्र

आज डॉक्टरांनी आईची कोपरं, गुडघे, पाठ पाहिली आणि औषध बदलू या म्हणाले. सोरायसिस या त्वचारोगाचे चट्टे तसेच लाल, वर पांढुरक्या खपल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, औषध लागू पडत नाही असं नाही डॉक्टर, ते तिच्या पोटात आणि अंगावर जातच नाहीये.

वर्षभरात ती आतून विझत गेली आहे, मला तर हे नैराश्यच वाटतं. पाठीला मलम लावू का विचारलं की, "राहू दे गं, कुणाला दाखवायचंय?" मेथोट्रेक्सेट ही सोरायसिसची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, तो वार उलटून जातो. लाइट थेरपीला, म्हणजे त्वचेवरच्या प्रकाशोपचाराला, आठवड्यातून दोन-तीनदा जायचं, आणि ही भजनी मंडळातही जात नाही. तिथे एकीने तिच्या हातचा प्रसाद घेऊन तसाच बाजूला ठेवला होता. हा आजार स्पर्शाने होत नाही, हे अजून किती जणींना सांगायचं!

नातेवाईक तिला आळशी म्हणतात, त्याचा मला संताप येतो. तिला झोप नाही. रात्रभर खाजवते, आणि सोरायसिसमध्ये कातडी ओरबाडली की तिथेच नवा चट्टा उठू शकतो. टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ ही दाह वाढवणारी प्रथिनं सोरायसिसमध्ये वाढतात, तशी नैराश्याच्या अनेक रुग्णांच्या रक्तातही वाढलेली सापडतात. मँचेस्टरच्या संशोधकांनी २००३ मध्ये लिहिलं होतं की, सतत चिंतेत असणाऱ्या रुग्णांचे चट्टे प्रकाशोपचाराने साफ व्हायचा वेग इतरांपेक्षा १.८ पट कमी होता. औषध तेच, यंत्र तेच!

डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं, त्यांचे उपकार. पीएचक्यू-९ चा, नैराश्य तपासणाऱ्या नऊ प्रश्नांचा कागद आईपुढे ठेवला. कशातच रस वाटत नाही का, या पहिल्याच प्रश्नाला तिने 'जवळजवळ रोज'वर खूण केली. इतकी वर्षं तिच्या त्वचेची विचारपूस झाली, मनाची कधीच नाही.

नवं औषध आज लिहिलं नाही. मनोविकारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी दिली, त्यात सोरायसिस आणि मेथोट्रेक्सेट ठळक लिहिलंय, कारण लिथियमसारख्या मनोविकारांवरच्या औषधाने चट्टे भडकू शकतात. सोमवारी भेट आहे. तोवर गोळीचा वार मी सांभाळणार, पाठीचं मलमही मीच लावणार. आई हो म्हणाली आहे.