पंधरा मोटा, एक पान

वन पेज डन्जन कॉन्टेस्टचा नियम नावातच आलाय. डन्जन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, एकेक पात्र घेऊन फासे टाकत खेळायच्या गोष्टीच्या खेळासाठी अख्खं साहस एका पानात बसवायचं, नकाशासकट. स्पर्धा 2009 साली सुरू झाली. आलेली पानं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली होतात, त्यामुळे जुनी पानं फुकटात वाचायला मिळतात. थडगी, मनोरे, ड्रॅगनच्या गुहा, सगळं करून झालंय लोकांचं. म्हटलं, आपल्याकडे लिंबची विहीर आहे की!

साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटेची विहीर. वीरूबाई भोसले यांनी शके 1641 ते 1646, म्हणजे 1719 ते 1724 या काळात बांधून घेतलेली. अष्टकोनी, सुमारे 110 फूट खोल, आणि पोटात चक्क महाल. पायऱ्या उतरून दरवाजातून आत गेलं की खांबांचं दालन, तिथून वर चढायला जिना, आणि समोर खोल पाणी. खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरला आणखी काय हवं? त्यात नाव बारा मोटांचं आणि मोटा लावायच्या जागा पंधरा! मी स्वतः बसून कोडं रचलं असतं तरी इतकं सरळ सुचलं नसतं.

माझ्या साहसातलं गावही बाराच सांगतं. बारा मोटा चालवल्या की पाणी उतरतं आणि महालाखालचा दुसरा दरवाजा उघडा पडतो. उरलेल्या तीन चालवल्या, तर त्या दाराआड जे झोपलंय ते जागं होतं. याचा सुगावा तीन ठिकाणी पेरलाय: मोटेवरच्या गाण्यातलं एक कडवं म्हाताऱ्या गाळतात, मोटेचं पाणी पडतं त्यातल्या तीन थारोळ्यांत कधी शेवाळच धरलेलं नाही, आणि बैल त्या बाजूच्या धावेवर, म्हणजे मोट ओढायच्या उतारावर, पाय ठेवत नाहीत. तीन सुगाव्यांचा हा नियम या खेळांबद्दल लिहिणाऱ्या जस्टिन अलेक्झांडरचा. एकच ठेवला तर खेळाडू हमखास त्याच्या शेजारून निघून जातात.

शनिवारच्या मंडळींवर प्रयोग केला. दरवाजामागच्या राक्षसावर मी जीव ओतला होता. मावसभावानं पहिल्याच दहा मिनिटांत विचारलं, ‘‘ताई, मोट ओढायला बैल कुठायत?’’ मी म्हटलं, गावात आहेत, माग जाऊन. तो कसला मागतोय! त्याच्या योद्ध्यानं नाडा स्वतःच्या खांद्यावर घेतला, वीस बाजूंच्या फाशावर पडले तीन, आणि स्वारी मोटेसकट पाण्यात. मग बाकीचे पाटलाकडे गेले. बैलजोडीचं भाडं, कडब्याचा खर्च, एक बैल मारका आहे म्हणून सूट, पाटलाच्या मेव्हण्याची मध्येच टांग. राक्षसापर्यंत कुणी पोचलंच नाही आणि रात्री उशिरापर्यंत कुणी उठलंही नाही.

तेव्हा राक्षसाला आता दोन ओळी आणि बैलांना पाव पान. ‘बैलवाल्याला काय हवंय?’ असा सहा उत्तरांचा तक्ता टाकलाय. फासा टाका, घासाघीस सुरू करा. हिट पॉइंट (किती मार सोसेल), आर्मर क्लास (मार लागणं किती अवघड) वगैरे आकडे गाळलेत, ज्यानं त्यानं आपापल्या नियमांतून घ्यावेत.

स्पर्धेसाठी साहस लिहायची चाल तशी जुनी. 1975 च्या ओरिजिन्स या खेळांच्या संमेलनात डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या दोन जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यानं एका थडग्यात खेळाडूंना उतरवलं होतं. ते आजही चुकीच्या जागी हात घातला की खेळ खलास अशा सापळ्यांसाठी ओळखलं जातं. स्पर्धेत गुण द्यायला ते सोयीचं असेल, पण आठवडाभर राबून शनिवारी खेळायला आलेल्या माणसाला मी असं मारणार नाही. विहिरीत पडला तर भिजेल, लोक हसतील, पुरे.

नकाशावर बराच घोळ घातला. डन्जनचे नकाशे सहसा वरून बघितल्यासारखे काढतात, पण विहिरीची गंमत तर खोलीत. म्हणून पानाच्या मधोमध उभा छेद काढलाय: जिना, महाल, पाण्याच्या दोन पातळ्या, आणि मजकूर दोन्ही बाजूंना. वरून दिसणारा अष्टकोन एका कोपऱ्यात छोटा घेतलाय, कापून खेळाडूंपुढे ठेवता येईल असा. त्यात मोटांच्या जागा दाखवल्यात, क्रमांक मात्र घातले नाहीत. मोजतील त्यांचे ते.