डीपीवर हरकत घेताना: माझा अनुभव

आमच्या शहराचा प्रारूप विकास आराखडा (डेव्हलपमेंट प्लॅन, म्हणजेच डीपी) जाहीर झाला तेव्हा त्यात १२ मीटरचा एक रस्ता थेट आमच्या सोसायटीच्या इमारतीवरून काढलेला होता. शिवाय जुन्या आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी राखलेल्या जागेचा अर्धा भाग रहिवासी विभागात गेला होता. या दोन्ही बाबींवर मी हरकती दाखल केल्या, सुनावणीला उभा राहिलो आणि प्रकरण शासनाकडे गेल्यावरही पाठपुरावा केला. ही पद्धत महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ने ठरवून दिलेली आहे, त्यामुळे लोकलच्या पट्ट्यातली महापालिका असो की नगरपरिषद, वाट साधारण हीच.

सुरुवात कलम २६ च्या नोटिशीपासून होते. ती राजपत्रात येते आणि वर्तमानपत्रांतही. मुदत किती आणि कुठल्या तारखेपासून मोजायची हे नोटीस वाचूनच ठरवा. वर्तमानपत्रात बातमी आली त्या दिवसापासून मोजणारे हटकून चुकतात. माहिती अधिकाराचा अर्ज या टप्प्यावर फारसा कामाचा नाही, कारण उत्तरालाच ३० दिवस लागू शकतात. त्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात नगररचना विभागात जाऊन नकाशे बघा आणि विकत घ्या. तीन गोष्टी मागायच्या: विद्यमान जमीन वापराचा नकाशा, प्रस्तावित जमीन वापराचा नकाशा आणि आराखड्याचा अहवाल. बहुतेक लोक फक्त दुसरा घेऊन घरी जातात. आमचा रस्ता हलला तो पहिल्यामुळे.

विद्यमान वापराच्या नकाशावर आमची इमारत नव्हतीच. तिच्या जागी मोकळी जमीन दाखवली होती, आणि मोकळ्या जमिनीवरून रस्ता आखला तर आखणाऱ्याच्या हिशोबाने त्यात काहीच वावगं नव्हतं. असं होतं कारण या नकाशाचा पाया हवाई किंवा उपग्रह प्रतिमेवर घातला जातो. प्रतिमा जुनी असेल, झाडांचं छत्र दाट असेल किंवा जागेवर जाऊन पडताळणी झाली नसेल, तर विहीर, नाला, देऊळ, शाळेची बैठी इमारत, काहीही सुटू शकतं. मुंबईचा २०३४ पर्यंतचा आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि एप्रिलमध्ये मागे घ्यावा लागला. त्यामागे अशाच चुकांचा ढीग होता. सुधारित प्रारूप यायला मे २०१६ उजाडला. त्यामुळे रस्ता चुकीचा आहे असं म्हणण्याआधी तो ज्या माहितीवर आखला ती चुकीची आहे हे दाखवा. अधिकाऱ्यालाही ते मान्य करणं सोपं जातं.

आता मोजमाप. नकाशाच्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं असतं. ते १:५००० असेल तर कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५ मीटर. १२ मीटरचा रस्ता कागदावर जेमतेम २.४ मिलिमीटर भरतो, आणि अर्ध्या मिलिमीटरची रेघच अडीच मीटर जागा खाते. म्हणजे आपल्या कुंपणाला रेघ चिकटलेली दिसली तर रस्ता कुंपणाच्या आत आहे की बाहेर हे त्या कागदावरून सांगताच येत नाही. त्यात कोणी नकाशाची ए-४ झेरॉक्स काढली की प्रमाणाला अर्थ उरत नाही. छापील मोजपट्टी नकाशाबरोबरच लहान होते, म्हणून निदान ती तरी प्रतीत येईल असं बघा. मी पीडीएफ घेऊन क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत उपग्रह प्रतिमेवर बसवली. त्यासाठी जमिनीवर पक्के सापडणारे चार बिंदू लागतात: पाण्याच्या टाकीचा मध्य, पुलाचा कोपरा, जुन्या चौकाचा मध्य, रेल्वेच्या पादचारी पुलाचं टोक. गट नंबरांच्या हद्दी मात्र प्रतिमेशी तंतोतंत जुळत नाहीत. गाव नकाशे जुन्या कागदांवरून उचललेले असतात, काही मीटरचा फरक राहतोच. म्हणून हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीची ‘क’ प्रतच, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशाच, जोडावी. आधीची नसेल तर हरकतीच्या मुदतीत ती हाती पडणं कठीण. तेव्हा मोजणीचा अर्ज करून त्याची पावती जोडा आणि नकाशा सुनावणीत सादर करू असं लिहा.

बाकी कागद नेहमीचे: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर ले-आऊट, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र. भोगवट्याचा कागद सर्वांत वजनदार. महापालिकेनेच मंजूर केलेली इमारत तिच्याच नकाशावर नाही, ही विसंगती त्यातून एका ओळीत सिद्ध होते. मालमत्ता कराची पावती जोडायला हरकत नाही, पण कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. नुसत्या पावतीच्या भरवशावर राहू नका.

एका पत्रात एकच विषय ठेवा. रस्ता आणि मैदान एकाच पत्रात घातलं तर नोंद एका शीर्षाखाली होते आणि दुसरा मुद्दा बाजूला पडतो. छापील नमुन्यावर दोनशे सह्या गोळा करण्यात आमचेही दोन रविवार गेले. सुनावणीत त्या सगळ्यांचा गट करून एकदाच ऐकून घेतलं. त्यापेक्षा ज्यांची घरं बाधित होतात त्यांची स्वतंत्र, आपापल्या कागदांसह दिलेली आठ-दहा पत्रं जास्त उपयोगी. मागणी अशी नेमकी हवी: ‘प्रस्तावित १२ मी. रुंद रस्ता सोबतच्या नकाशात अ-ब-क अशा रेषेने दाखवल्याप्रमाणे उत्तरेकडे सरकवावा. रुंदी आणि दोन्ही टोकांचे चौक कायम राहतात.’ नुसतं ‘रस्ता रद्द करा’ म्हटलं तर रस्त्यांचं जाळं तुटतं हे उत्तर तयारच असतं. पर्यायी रेषेत किती पक्की बांधकामं बाधित होतात आणि मूळ रेषेत किती, हे दोन आकडे शेजारीशेजारी लिहा. मात्र आपला रस्ता दुसऱ्याच्या घरावर ढकलू नका. आम्ही आमची रेषा पडीक सरकारी जागेतून काढली होती, म्हणून समोरून विरोध आला नाही.

दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक तिथेच घ्यावा. पुढचा सगळा पत्रव्यवहार या क्रमांकावर चालतो.

मैदानाची हरकत वेगळी लढावी लागते, कारण त्या जागेशी आपला मालकी हक्काचा संबंध नसतो. इथे अहवाल कामाला येतो. त्यात विभागवार लोकसंख्या, निकषानुसार लागणारं मैदान आणि प्रत्यक्ष दिलेलं मैदान यांचे तक्ते असतात. ‘दिलेलं’ या रकान्यात काय काय धरलंय ते एकेक जागा उघडून बघा. आमच्या विभागात खाजगी ले-आऊटमधल्या मोकळ्या जागाही त्यात मिळवल्या होत्या. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या ले-आऊटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते, पण ती तिथल्या रहिवाशांसाठी. फाटकाबाहेरच्या मुलाला तिथे चेंडू घेऊन कोण जाऊ देतं? त्या वजा केल्यावर विभागातली तूट स्पष्ट दिसली. दुसरं उत्तर खिडकीवर मिळतं: ‘ते आरक्षण व्यपगत झालंय,’ म्हणजे मुदत संपून गेलंय. यावर शांतपणे तारखा विचाराव्यात. कलम १२७ प्रमाणे अंतिम आराखडा अमलात येऊन १० वर्षं उलटल्यावर मालकाला ‘ही जागा विकत घ्या’ अशी खरेदी सूचना द्यावी लागते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तरच आरक्षण जातं. नुसती १० वर्षं झाली म्हणून जात नाही. आमच्या मैदानाबाबत अशी सूचनाच दिलेली नव्हती, हे मी लेखी उत्तर घेऊन जोडलं.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते. त्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. पत्र हातात पडतं ते ऐन वेळी, म्हणून सोसायटीचा ठराव आणि अधिकारपत्र आधीच करून ठेवा. आम्हाला पाचेक मिनिटं मिळाली. तेवढ्यात इतिहास सांगायचा नाही. ए-३ कागदावर विद्यमान नकाशाचा तुकडा, त्याखाली प्रतिमेचा तोच तुकडा आणि पर्यायी रेषा लाल रंगात, एवढं समोर ठेवलं. सदस्यांनी बोट ठेवून इमारत कुठे ते विचारलं आणि प्रश्न दोन मिनिटांत संपला. लेखी म्हणणं तिथेच देऊन पोच घ्या आणि हजेरीपत्रकावर सही करा. निर्णय त्याच वेळी कोणी सांगत नाही.

समितीचा अहवाल आला की माहिती अधिकाराचा खरा उपयोग होतो. अर्जाला १० रुपये. आपल्या हरकतीवरची शिफारस कारणांसह मागवा. आमचा रस्ता सरकवण्याची शिफारस झाली आणि ती टिकली. मैदानाचीही शिफारस झाली होती, पण समितीनंतर महापालिकेला फेरबदल करता येतात, आणि तिथे ती फिरवली गेली. असे बदल कलम २८(४) खाली प्रसिद्ध होतात. नकाशावर ‘एम’ (मॉडिफिकेशन, म्हणजे फेरबदल) अक्षर आणि क्रमांक शोधायचा. अनेक जण सुनावणी जिंकली म्हणून इथे नकाशा बघतच नाहीत.

त्यानंतर आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे जातो. ज्या भागात मोठे बदल सुचतात तो वगळलेला भाग म्हणून ‘ईपी’ क्रमांकाने येतो आणि त्यावर पुन्हा हरकती मागवतात. आधी हरकत दिली होती एवढ्यावर थांबू नका, ईपी क्रमांक घालून नव्याने द्या. मैदानाच्या पत्रावर मी सर्वांत वर ईपी क्रमांक लिहिला, त्याखाली जुना आवक क्रमांक, आणि समितीच्या शिफारशीचं पान पहिलंच जोडलं. त्या हरकतीची सुनावणी झाली आहे, निर्णय शासनाकडे आहे. मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फाईल कुठल्या टेबलावर आहे ते विचारून येतो.