शेख बकरी सापालो: हरारकडचे एक मास्तर

नाव वाचून हसू नका. अबूबकर या नावाचं पूर्व इथिओपियातलं घरगुती रूप म्हणजे बकरी, आणि सापालो हे त्यांच्या गावाकडचं नाव. मी परभणीचा ज्वारीचा माणूस. निवृत्तीआधी काही वर्षं हरामाया विद्यापीठात शिकवलं. भारतीय मास्तर त्या देशाला नवे नाहीत, त्यामुळे माझं कौतुक कुणालाच नव्हतं. पण शेख बकरींचा विषय निघाला की प्रयोगशेतावरचे म्हातारे मजूरही हातातलं काम थांबवून बोलू लागत.

त्यांचा जन्म १८९५चा. पूर्व इथिओपियातल्या हरार शहराच्या परिसरातल्या नामवंत शेखांकडे शिकले, मग स्वतः शिकवू लागले आणि गावोगाव हिंडून तेच करत राहिले. अरबी न येणाऱ्या शेतकऱ्यांनाही ऐकून कळावी अशी ओरोमो भाषेत कवनं रचायचे. भूगोल, इतिहास, गणित, खगोल यांवरही त्यांनी लिहिलं. धर्म शिकवणाऱ्या शेखाने ग्रहताऱ्यांतही तेवढाच रस घ्यावा, हे मला फार आवडतं.

सम्राट हैले सेलासींच्या राज्यात शाळा, कचेरी, कोर्ट सगळं अम्हारिक या राजभाषेत चाले. देशातल्या सर्वांत मोठ्या समाजाच्या, म्हणजे ओरोमोंच्या, भाषेत शिकवायला आणि छापायला मात्र मज्जाव. त्यात लिपीची अडचण वेगळीच. ओरोमोत स्वर पाच, आणि प्रत्येक ऱ्हस्वही, दीर्घही. अम्हारिकची लिपी हा फरक नीट दाखवत नाही, व्यंजनाचं द्वित्वही दाखवत नाही. ‘बदा’ म्हणजे वाईट आणि ‘बद्दा’ म्हणजे थंड डोंगराळ मुलूख. त्या लिपीत दोन्ही सारखेच दिसणार. अरबी अक्षरांत पाच स्वर बसवतानाही ओढाताणच.

तेव्हा १९५६ मध्ये, साठी ओलांडलेल्या या मास्तरांनी स्वतःची लिपी तयार केली. अक्षरांच्या आकृती त्यांच्या स्वतःच्या. रचना मात्र आपल्याला लगेच उमगेल अशी: व्यंजन घ्यायचं आणि त्याला स्वराची खूण जोडायची. बाराखडीच म्हणा ना! हाताशी छापखाना नाही, विद्यापीठ नाही. शिकवता शिकवता पोरं नेमकी कुठे अडतात हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक असणार, आणि माझ्या मते लिपी करायला तेवढं भांडवल पुरे होतं.

लिपी शिष्यांमध्ये पसरू लागली आणि सरकार बिथरलं. १९६५ मध्ये त्यांना दिरे दावा शहरात नजरकैदेत ठेवलं. तिथेही ओरोमोंच्या हालअपेष्टांवर एक पुस्तिका लिहिली, त्याच लिपीत! सम्राट गेले, लष्करी राजवट आली, तिची ‘लाल दहशत’ म्हणजे विरोधकांची कत्तल सुरू झाली, आणि १९७८ मध्ये म्हातारपणी पत्नीसह सोमालियात पळून जावं लागलं. तिथलं सरकार ओरोमोंना ओरोमो म्हणायलाच तयार नव्हतं, ‘सोमाली अबो’ म्हणायचं. एप्रिल १९८० मध्ये निर्वासितांच्या छावणीत ते वारले. पुढच्याच वर्षी हेवर्ड आणि मोहम्मद हसन या अभ्यासकांनी लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेच्या नियतकालिकात त्यांच्या लिपीवर सविस्तर लेख लिहिला. ते बघायला मास्तर नव्हते.

१९९१ मध्ये ओरोमोसाठी लॅटिन लिपी ठरली. तिला ‘कुबे’ म्हणतात. माझ्या एका विद्यार्थ्याशी यावर वाद झाला. तो म्हणाला, “बरंच झालं सर. नाहीतर मोबाइलवर काय लिहिलं असतं?” मी म्हटलं, अरे, पण शेखांची लिपी मागे पडली त्याचं काही वाटत नाही? त्याने आमच्याकडच्या जुन्या लिपीची चौकशी केली. मी मोडीबद्दल सांगितलं. “मग तुम्ही मोडीत लिहिता?”

यावर काय बोलणार! पोराचं बरोबरच होतं. तरी माझं एक म्हणणं मी सोडलं नाही. कुबेत दीर्घ स्वराला स्वर दोनदा लिहितात, द्वित्वाला व्यंजन दोनदा. म्हणजे ज्या फरकांसाठी शेखांनी एवढा खटाटोप केला, तेच आज पहिलीतलं पोर गिरवतं. ‘विसरलेल्या लिपीचे जनक’ अशी त्यांची ओळख करून देणं मला म्हणूनच पटत नाही. नजरकैदेच्या आधी कित्येक वर्षं त्यांनी शिकवलं. ओळख करून द्यायचीच तर आधी ते सांगा, लिपी नंतर.