वूल्स्टन हातावेगळा, आता साक्षीदारांचा खटला

इंग्लंडमधला धर्मोपदेशक सॅशेव्हरेल याच्यावरचा १७१० चा खटला तूर्त बाजूला ठेवलाय. वेस्टमिन्स्टर हॉल, प्रेक्षकांसाठी वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेननं उभारलेली आसनं, रस्त्यावरची दंगल, सगळा मसाला आहे त्यात. पण त्यावर लिहिणारे पुष्कळ. माझा जीव अडकलाय टॉमस वूल्स्टनमध्ये. चमत्कारांवरची त्याची सहाही पत्रकं (१७२७ ते १७२९) वाचून झाली आणि अंजिराच्या झाडाचा भाग टाइपही करून ठेवला.

येशूचे चमत्कार शब्दशः घ्यायचे नाहीत, ती रूपकं आहेत, हे या केंब्रिजच्या विद्वानाचं म्हणणं. इथवर कुणी फार मनावर घेतलंही नसतं. पण शब्दशः घेतले तर काय गंमत होते, हे सांगताना त्याची लेखणी मोकाट सुटते. हंगाम नसताना येशू अंजिरं शोधतो आणि मिळाली नाहीत म्हणून झाडाला शाप देतो. यावर वूल्स्टन विचारतो, केंटमधला एखादा शेतकरी ईस्टरच्या सुमारास बागेत सफरचंदं शोधायला गेला आणि सापडेनात म्हणून झाडंच तोडून आला, तर शेजारीपाजारी त्याला हसणार नाहीत का? वर प्रत्येक पत्रक एकेका बिशपला अर्पण! किंमत एक शिलिंग, आणि विक्रेत्यांमध्ये स्वतः लेखकही, लंडनमधल्या ऑल्डरमनबरीच्या पत्त्यावर.

छापण्याआधी परवाना घेण्याची सक्ती १६९५ सालीच संपली होती. त्यामुळे सरकारच्या हाती उरला तो छापून झाल्यावरचा लायबलचा, म्हणजे आक्षेपार्ह मजकूर प्रसिद्ध केल्याचा खटला. मार्च १७२९ मध्ये वूल्स्टन मुख्य न्यायाधीश रेमंडपुढे उभा राहिला. अशा खटल्यात ज्यूरीपुढचा प्रश्न अगदी आखूड असे: हे या माणसानं छापून प्रसिद्ध केलं का, आणि शब्दांचा रोख फिर्यादीत म्हटलाय तोच आहे का? मजकूर गुन्हा ठरतो की नाही, हे न्यायाधीश बघणार. मुळात ख्रिस्ती धर्माविरुद्ध लिहिणं या कोर्टाच्या कक्षेत येतं का, यावर तर वाददेखील ऐकून घेतला नाही. चार पत्रकांचे प्रत्येकी २५ पौंड दंड, वर वर्षभर कैद. शिवाय चांगल्या वर्तणुकीचा भलामोठा जामीन मागितला, तो त्याला जमला नाही. १७३३ साली तो वारला.

आता खरी मजा. खटल्याच्याच वर्षी, १७२९ मध्ये, टॉमस शेरलॉकनं वूल्स्टनला उत्तर छापलं, ‘साक्षीदारांचा खटला’, स्वतःचं नाव न घालता. हा तोच बिशप, ज्याला पाचवं पत्रक अर्पण केलेलं होतं. पुस्तकात काही वकील मंडळी मिळून एक लुटुपुटीचं कोर्ट भरवतात. आरोपी येशूचे शिष्य, आरोप पुनरुत्थानाबद्दल खोटी साक्ष दिल्याचा. दोन्ही बाजूंना वकील, न्यायाधीशाचा समारोप, शेवटी ज्यूरी सांगते: निर्दोष. म्हणजे खऱ्या कोर्टात ज्या प्रश्नाला ज्यूरीनं हात लावायचा नाही, तोच खोट्या कोर्टात ज्यूरीपुढे थेट ठेवला! शेरलॉकला यातला विरोधाभास जाणवला असेल असं मला वाटत नाही. पण वूल्स्टनच्या बाजूच्या वकिलाला त्यानं बरीच धारदार वाक्यं दिलीत, हेही खरं.

शेरलॉकच्या या पुस्तकाचं टाइपिंग अर्ध्यावर आलंय. जुन्या छपाईतला लांब एस मशीनला एफ वाटतो, म्हणून ओसीआर (स्कॅनमधली अक्षरं आपोआप ओळखणं) बंद करून हातानंच उतरवतोय. पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला असतो, तो जुळवत जातो. पान गहाळ असेल तर तिथंच कळतं.

यानंतर पीटर ॲनेट. शेरलॉकला १७४४ साली उलट उत्तर देणारा हा शाळामास्तर, १७६२ साली ‘फ्री एन्क्वायरर’ या साप्ताहिकापायी सापडला. सत्तरीला टेकलेल्या माणसाला न्यूगेटचा तुरुंग, दोनदा पिलरी (मान-हात लाकडी खोड्यात अडकवून चारचौघांत उभं करणं), ब्राइडवेलच्या सुधारगृहात वर्षभर सक्तमजुरी. दंड मात्र सहा शिलिंग आठ पेन्स. त्या साप्ताहिकाच्या नऊही अंकांचं धड वाचता येईल असं स्कॅन कुणाकडे असेल, तर कळवा.