पाऊस कुणाच्या खात्यात जमा?

शनिवार, रात्री उशिरा

बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवलेत. सकाळपर्यंत सुकतील असं सगळेच म्हणतात, पण माझा भरवसा नाही. मुलांच्या उपचारांसाठी निधी जमवायला आम्ही सायकलवर निघालोय. आज दिवसभर पाऊस होता आणि रस्ता एक तर वर चढत होता नाही तर खाली पडत होता. सपाट म्हणून कुठे मिळालाच नाही.

चढाचं मला एक आवडतं, त्याचा हिशेब सरळ असतो. मी, सायकल आणि सामान मिळून ऐंशीएक किलो. आठ टक्क्यांच्या चढावर ताशी ८ किलोमीटर वेग ठेवायचा तर पायांतून दीडशे वॅट निघायलाच हवेत. डोंगराच्या आडोशाला वारा नव्हता, म्हणजे सगळं भांडण थेट गुरुत्वाकर्षणाशी. माझ्या सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पुढे ३४ दाते आणि मागेही ३४. पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, जेमतेम २.१ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले की ताशी साडेसात किलोमीटर. त्याखाली गिअर नाही, उतरून ढकलायचं. पोटरीत गोळा आला तेव्हा तेही केलं.

पण पावसात खरी परीक्षा उताराची. चढताना अंग तापलेलं असतं, ओलं असलं तरी चालून जातं. खिंड ओलांडली की पाय थांबतात, अंगात उष्णता तयार होणं फारच कमी होतं आणि भिजल्या कपड्यांवर वारा आदळायला लागतो. पाणी हवेच्या वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. पाच मिनिटांत बोटं माझी राहिली नाहीत. गिअर बदलायला तळहाताने खटका दाबत होतो. खाऊचं पाकीट दातांनी फाडलं, अर्धं रस्त्यावर सांडलं. माझे ब्रेक रिमवर दाबणारे. ओल्या रिमवर पहिल्यांदा दाबले की काहीच होत नाही, पॅड आधी पाणी पुसतात आणि मग धरतात. त्यामुळे वळण दिसायच्या आधीच ब्रेक लावायचा, पांढऱ्या पट्ट्यांवरून आणि लोखंडी झाकणांवरून चाक वाकडं करायचं नाही. खाली पोहोचलो तेव्हा रिमवरून काळा राप ओघळत होता, अर्धी वाळू आणि अर्धं रबर.

जिरो म्हणजे इटलीची मोठी सायकल शर्यत, तिच्यातल्या ५ जून १९८८ ची गोष्ट जेवताना निघालीच. गाविया खिंडीत बर्फ पडत होता, अमेरिकन सायकलपटू अँडी हॅम्पस्टनने त्या दिवशी आघाडीवीराची गुलाबी जर्सी घेतली आणि पुढे शर्यतही जिंकली. सगळे ती शौर्यकथा म्हणून सांगतात. मला मात्र त्यात आवडतं ते एवढंच, की त्याच्या टीमने हवामान बघून उबदार कपडे आणि हातमोजे आधीच गोळा करून ठेवले होते.

दुपारी चहाच्या थांब्यावर कुणीतरी माझा फोटो काढून देणगीदारांना पाठवला. नाकावरून पाणी गळतंय, ओठ जांभळे. संध्याकाळपर्यंत देणग्या आल्या, कालच्या कोरड्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त. याचा अभ्यासही झालेला आहे. क्रिस्टोफर ऑलिव्होला आणि एल्दार शाफिर यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की निधी उभारण्याचा मार्ग त्रासाचा असेल तर माणसं मजेच्या मार्गापेक्षा जास्त द्यायला तयार होतात. असेल. मला बरं वाटलं आणि थोडं विचित्रही. ज्या मुलांच्या उपचारांसाठी हे चाललंय, त्यांना माझ्या जांभळ्या ओठांचा काय उपयोग? मी न भिजता तेवढे पैसे मागितले असते तर दिले असते का, हा प्रश्न कुणाला विचारायची हिंमत झाली नाही.

रात्री आयोजकांनी सांगितलं, उद्याचा शेवटचा डोंगर रद्द. पलीकडच्या उतारावर धुकं आहे आणि दगडमाती वाहून आलीय. त्यावरून जेवणाच्या टेबलावर जुंपली. दोघा-तिघांचं म्हणणं, लोकांनी पूर्ण अंतराचे पैसे दिलेत, आपण शब्द मोडतोय. एक तर म्हणाला, मी एकटा जाऊन येतो. मला हे अजिबात पटलं नाही. शब्द निधीचा होता, घसरून पडण्याचा नव्हता. वर उद्या कुणाचं खांद्याचं हाड मोडलं, तर एक रुग्णवाहिका आणि दोन स्वयंसेवक त्याच्यामागे जाणार, ते वेगळंच. हे जरा मोठ्या आवाजात बोललो. एकट्याने जाणारा गप्प बसला, पटलं म्हणून की दमला म्हणून, कुणास ठाऊक.

मघाशी सगळ्या देणगीदारांना कळवलं, अंतर कमी झालंय, ज्यांना रक्कम कमी करायची असेल त्यांनी बिनधास्त सांगावं. आतापर्यंत एकच उत्तर आलंय, एका काकूंचं: "पैसे राहू देत. हातमोजे घेतलेस का?"

घेतले नव्हते. सपोर्ट गाडीतल्या मुलाकडे जाड जोडी आहे, सकाळी ती मागून घेणार आणि निघण्याआधी ब्रेकचे पॅड बदलणार.